जुन्या टीव्हीची कॉकटेल पार्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर सहा टीव्ही आहेत. दोन चालतात, एक त्याच्या मनात आलं तर चालतो आणि तीन नुसते दिसायला. साठीशांत, संगीत, कॉलेजचं गेट-टुगेदर अशा कार्यक्रमांना ते मी भाड्याने देते. दुरुस्तीचं काम दादा बघतो, त्याने उमेदीची वर्षं टीव्ही मेकॅनिक म्हणून काढली. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एका जागी उतरवले आहेत.

१. थीम "रेट्रो" ठरली आहे, पण नेमका कुठला काळ धरू?

एक साल धरा. नुसतं "रेट्रो" म्हटलं की लोक ग्रामोफोन, बेलबॉटम, कॅसेट आणि पेजर एकाच खोलीत कोंबतात आणि मग ती खोली भंगाराच्या दुकानासारखी दिसते. मी आधी विचारते, पार्टी कुणाच्या आठवणीतली आहे? काकांची साठी असेल तर त्यांचं कॉलेज साधारण १९८३ ते १९८६. तेच साल पक्कं करा. बाकी सगळं त्याच्या मागे येतं.

आणि साल मराठवाड्याचं धरा, मुंबईचं नको. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या वर्षी आपल्याकडे दुष्काळ होता, लोक खडी फोडायला जात होते आणि सुकडी खात होते. टीव्ही कुणी पाहिला? इथलं सत्तरचं दशक रेडिओचं आहे. त्यामुळे "सत्तरचं घर" करायचं असेल तर टीव्ही भाड्याने घेऊच नका, मोठा मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ मांडा. बुधवारची रात्र आणि बिनाका गीतमाला एवढ्यावर अख्खी पार्टी उभी राहते.

टीव्हीची खरी पार्टी १९८२ नंतरची. त्या वर्षी १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आला आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीत एशियाड झालं. पुढे १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली. आपल्याकडच्या बहुतेक घरांत टीव्ही आला तो याच दशकात. १९९२ पासून केबलचा जमाना, तो वेगळा विषय. त्यात छतावरचा अँटेना उतरतो आणि खिडकीतून काळी वायर आत येते.

२. त्या काळाला कुठला टीव्ही शोभेल?

१९८२ ते ८६ साठी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट. लाकडी कॅबिनेट, चार तिरके पाय, दोन्ही बाजूंनी सरकणारं पट्ट्यांचं शटर आणि त्याला कुलूप. परीक्षा जवळ आली की ते कुलूप लागायचं आणि किल्ली वडिलांच्या खिशात जायची. नावं हवी असतील तर क्राऊन, वेस्टन, ईसी, टेलेव्हिस्टा, डायनोरा. आमच्याकडच्या एका सेटला चॅनेलचं बटण फिरवताना खट्ट-खट्ट असा जाड आवाज येतो. पाहुणे चित्र राहू देतात बाजूला आणि तेच बटण फिरवत बसतात. लहान मुलं तर हटत नाहीत.

१९८७ नंतरच्या थीमला रंगीत सेट चालतो. संभाजीनगरात पार्टी असेल तर व्हिडिओकॉनचा सेट मिळतो का बघा. पैठण रोडवर चितेगावला त्यांचा कारखाना होता, त्यामुळे पाहुण्यांत एक तरी माणूस "आमचे काका तिथेच होते" म्हणून सुरू होतो आणि पुढच्या अर्ध्या तासाची तुम्हाला काळजी राहत नाही.

रंगीत सेट परवडत नसलेल्या घरांत ब्लॅक अँड व्हाइटच्या काचेसमोर तीन रंगांचा प्लॅस्टिकचा पडदा लावत. वर निळा, मध्ये लालसर, खाली हिरवा. आभाळ निळं दिसायचं हे खरं, पण बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळही निळं दिसायचं. तो पडदा कुठे सापडला तर सोडू नका.

३. असे टीव्ही मिळतात कुठे?

आधी नात्यात विचारा. मराठवाड्यात जुनी वस्तू कुणी टाकत नाही, माळ्यावर चढवतं. मामाकडे, आत्याकडे, गावाकडच्या घरी ढाळजेत, कुठेतरी पोतं पांघरून तो असतोच. नसला तर संभाजीनगरचा जुना बाजार, नाहीतर तुमच्या गावातलं सगळ्यात जुनं रिपेअरिंगचं दुकान. भंगारवाला वजनावर भाव करतो आणि अँटिकवाला लाकडावर. म्हणून भंगारवाल्याकडे "अँटिक" हा शब्द तोंडातून काढू नका.

४. टीव्ही चालू असायलाच हवा का?

नाही. कॉकटेल पार्टीत माणसं उभ्याने बोलतात, एका जागी बसून कोणी तासभर बघत नाही. बंद सेट, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं आणि कडेला स्टॅबिलायझर, एवढ्यानेही काम होतं.

हलतं चित्र हवं पण कटकट नको, असं असेल तर आतून रिकाम्या झालेल्या कॅबिनेटमध्ये ऑफिसचा जुना एलसीडी मॉनिटर बसवा. मात्र तो चौकोनी, म्हणजे ४:३ चा घ्या. १०२४ बाय ७६८ वाला १५ इंची बरोबर बसतो. हल्लीचा लांबट स्क्रीन घातला की वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि सोंग उघडं पडतं. समोर थोडी धूसर काच लावली की दहा फुटांवरून फरक कळत नाही. खरी पिक्चर ट्यूब काढून कॅबिनेट रिकामं करणं मात्र घरी करू नका, त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये.

५. अँटेना लावला, तरी नुसत्या मुंग्याच दिसतात. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद झालं. म्हैसमाळचा टॉवर त्या दिशेला आहे म्हणून अँटेना कितीही फिरवलात तरी या सेटला काही मिळणार नाही. अँटेना शोभेसाठी लावा, चित्र दुसरीकडून द्या.

त्यासाठी आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी मिळते. मोबाइल किंवा पेन ड्राइव्हच्या प्लेअरचं चित्र एव्ही वायरीने तिच्यात जातं आणि ती स्वतःच एक छोटं दूरदर्शन केंद्र होऊन सेटला सिग्नल देते. इथे तीन गोष्टी नडतात.

पहिली, जुने खटक्याचे सेट फक्त व्हीएचएफ पकडतात, म्हणजे १२ पर्यंतचे चॅनेल. डबी यूएचएफवर, म्हणजे त्याच्या वरच्या चॅनेलवर, पाठवत असेल तर सेटला ती दिसतच नाही. दुसरी, आवाज. आपल्याकडची पद्धत पाल-बी, तिच्यात चित्र आणि आवाज यांत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. डबी ४.५, ६ किंवा ६.५ वर असली तर चित्र येतं आणि आवाज गायब होतो. दहातले निम्मे फोन याच तक्रारीचे असतात. डबीवर ते बदलायची सोय असते, ५.५ करा. तिसरी, सेटच्या मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतात आणि डबीतून येते गोल केबल. मध्ये बलून नावाचा बोटभर जोड लागतो, अँटेनाच्या दुकानात तो मिळतो.

६. आमचा टीव्ही वीस वर्षं माळ्यावर पडून आहे. प्लग लावून बघू का?

थांबा. आतले कंडेन्सर वाळलेले असतात, उंदरांनी वायर कुरतडलेली असते, धूळ ओल धरून बसलेली असते. मेकॅनिकने आधी सीरिज बल्बवर, म्हणजे वायरीच्या मध्ये एक बल्ब जोडून, लावून पाहायचं असतं. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो साठा बराच वेळ धरून ठेवते. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, मान तुटली तर काच आतल्या आत कोसळते आणि तुकडे बाहेर उडतात.

जनरेटरबद्दल माझ्या पदरचा अनुभव सांगते. एका फार्महाऊसवर ऐन कार्यक्रमात लाइट गेली, जनरेटर सुरू झाला आणि स्टॅबिलायझर मध्ये न घेता मी सेट तसाच चालू ठेवला. आधी चित्र फुगलं, मग जळक्या रबराचा वास आला, मग शटरच्या फटीतून धूर. पाहुण्यांना वाटलं हा थीमचाच भाग आहे, टाळ्या पडल्या. दादा पुढचा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. तेव्हापासून सेट जनरेटरवर जाणार असेल तर स्टॅबिलायझर सोबत पाठवते आणि त्याचं वेगळं भाडं घेत नाही.

७. स्क्रीनवर काय दाखवायचं?

तुम्ही धरलेल्या सालाच्या पुढचं काहीही नको. "हम लोग" ७ जुलै १९८४ ला सुरू झालं, "रामायण" २५ जानेवारी १९८७ ला आणि "महाभारत" २ ऑक्टोबर १९८८ ला. १९८५ च्या पार्टीत रामायण लावलं तर जाणकार लगेच पकडतात. शिवाय मला विचाराल तर दारूच्या टेबलासमोर रामायण मुळीच लावू नका. त्या काळी रविवारी सकाळी लोक अंघोळ करून, सेटला हार घालून बसत. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ते खटकतं.

मराठीत "आमची माती आमची माणसं" सारखा शेतीचा कार्यक्रम आवाज बंद करून लावा. पार्श्वभूमीला इतकं चपखल दुसरं काही नाही. मधून मधून रंगपट्ट्यांचं टेस्ट कार्ड आणि "रुकावट के लिए खेद है" ही पाटी. पाटी आली की सगळी खोली हसते, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय.

क्रिकेट हवं असेल तर २५ जून १९८३ चा अंतिम सामना. कपिल देवच्या झिम्बाब्वेविरुद्धच्या नाबाद १७५ चं चित्रण शोधण्यात रात्र घालवू नका, बीबीसीच्या संपामुळे तो सामना चित्रित झालाच नाही.

घरगुती कार्यक्रमात कोणी काही विचारत नाही, पण हॉटेलात किंवा लॉनवर गाणी आणि चित्रफिती दाखवायच्या तर हक्कांची परवानगी लागू शकते. ते व्यवस्थापकाला बुकिंगच्याच वेळी विचारा.

८. टीव्ही ठेवायचा कुठे? स्टेजजवळ?

स्टेजजवळ नको, डीजेजवळ तर अजिबात नको. स्पीकरच्या चुंबकाने रंगीत ट्यूबवर जांभळे-हिरवे डाग येतात. आलेच तर स्पीकर दूर करा, सेट बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या आणि पुन्हा चालू करा. सुरू होताना तो स्वतःच डाग पुसायचा प्रयत्न करतो. ब्लॅक अँड व्हाइटला डाग पडत नाहीत, चित्र थोडं वाकडं होतं एवढंच.

जागा म्हणाल तर कोपरा. समोर सतरंजी, सतरंजीच्या मागे दोन लोखंडी खुर्च्या, खुर्च्यांच्या मागे उघडं दार. कारण आपल्याकडे टीव्ही एका घरात असायचा आणि बघायचा अख्खा वाडा. पुढे पोरं, मागे बायका, दारात उभे शेजारी आणि खिडकीच्या गजांना धरून लोंबकळणारे आम्ही. जे उभे असतील त्यांच्या हातात ग्लास द्या, झाली पार्टी.

९. बाकी सजावटीला काय लागतं?

विकत फार थोडं. प्लॅस्टिकच्या वायरीने विणलेल्या लोखंडी खुर्च्या, सनमायकाचा टीपॉय, काचेची शोकेस आणि तिच्यात कधीच न वापरलेला कपबशीचा सेट, भिंतीवर पाठकोऱ्या बाजूने टांगलेलं कालनिर्णय (ते १९७३ पासून आहे, त्यामुळे १९८० च्या थीमला निर्धास्त वापरा), मण्यांचा पडदा, पत्र्याची ट्रंक.

एक गोष्ट आपल्या भागाची म्हणून आवर्जून करा. सोफ्यावर किंवा ट्रंकेवर हिमरूची शाल टाका. सुती ताण्यावर रेशमाची वीण, औरंगाबादचं हे जुनं काम. मंद उजेडात त्याला जी झळाळी येते ती बाजारातल्या चमकी कापडाला येत नाही. आजीची असेल तर पेयांच्या टेबलापासून चार हात लांब. रमचा डाग निघत नाही, मी धुऊन पाहिलाय.

आणि निऑनच्या गुलाबी पाट्या नकोत. "डिस्को" लिहिलेला चमचमता गोळा १९८४ साली परभणीत कोणाच्या घरी होता?

१०. लाइट कसे ठेवू?

पांढरा एलईडी पूर्ण बंद. पिवळे बल्ब, २७०० केल्विन लिहिलेले. टीव्हीच्या मागे एक झिरोचा बल्ब, लाल किंवा हिरवा. (झिरो म्हणतात, पण जुना झिरो सुमारे १५ वॅट खायचा.) अंधारात टीव्ही बघितला की डोळे जातात असं घरोघरी सांगत, त्यामुळे तो बल्ब असायचाच. एका कोपऱ्यात ट्यूबलाइट लावलीत तर चोक थोडा गुणगुणणारा बघा.

११. कॉकटेलमध्ये त्या काळाचं काय द्यायचं?

मार्टिनीचे तिकोनी ग्लास परत पाठवा. १९८० च्या दशकात इथे कॉकटेल म्हणजे रममध्ये काहीतरी. आणि ते "काहीतरी" कोक नव्हे. कोका-कोला १९७७ मध्ये देश सोडून गेलं आणि १९९३ मध्ये परतलं. मधली सोळा वर्षं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, कॅम्पा यांची. १९९० मध्ये पेप्सी आली, तीही "लहर पेप्सी" म्हणून. थम्स अप आणि लिम्का आजही काचेच्या बाटलीत मिळतात, तेच घ्या. प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली टेबलावर दिसली की थीम मेली. ओल्ड मंक १९५४ पासून आहे, ती कुठल्याही सालाला चालते.

माझ्याकडून एक पेय सांगते. जालन्याची मोसंबी, ९० मिली रस, ४५ मिली रम, चिमूटभर सैंधव, दोन थेंब लिंबू, बर्फ. रस मात्र ऐन वेळी काढा. मोसंबीचा रस नुसता ठेवला तरी कडू पडत जातो. दुपारी काढून फ्रिजमध्ये ठेवलेला रस रात्री पाहुण्यांना दिलात तर तोंडं बघण्यासारखी होतात. रस काढायला एक पोरगा आणि हाताने फिरवायचं यंत्र टेबलाशीच बसवा, तीही एक सजावटच होते.

१२. परवाना लागतो का?

लागतो. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं आणि एक दिवसाचंही मिळतं. हॉल किंवा लॉनवर दारू वाढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. वय बिअर-वाइनला २१, बाकी मद्याला २५ पूर्ण. तारीख ठरवताना कोरडे दिवस बघा. दूरदर्शनच्या हौसेने २ ऑक्टोबर निवडणारे दरवर्षी एक-दोघे भेटतात. गांधी जयंती आहे हो.

१३. घरात वडीलधारी आहेत, दारू चालणार नाही. मग थीम फसेल?

उलट जास्त खरी होईल. प्रश्न ११ मधलं पेय रमशिवाय करा, गोल्ड स्पॉटच्या आठवणीला रसना ठेवा, फ्रूटी १९८५ पासून आहे.

१४. खायला?

मुरमुऱ्यांची सुशीला, तळलेले शेंगदाणे, कांदाभजी, जानेवारीत असाल तर हुरडा. नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) ठेवायचा तर जेवणाला ठेवा, ग्लास हातात धरून तो खाता येत नाही. वाढा स्टीलच्या ताटल्यांत, कोणाचं तरी नाव कोरलेल्या असतील तर उत्तमच.

१५. मोबाइलच्या फोटोत स्क्रीनवर काळे पट्टे येतात. सेट खराब आहे का?

सेट ठीक आहे. ट्यूबवर चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली रेखलं जातं आणि मोबाइल त्याहून झटकन फोटो घेतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/२५ करा आणि हात टेकवून काढा. एलसीडी बसवलेल्या सेटला (प्रश्न ४) सहसा ही अडचण येत नाही.

१६. निमंत्रणावर आणि पाट्यांवर औरंगाबाद लिहू की छत्रपती संभाजीनगर?

पत्ता आजचा आणि आजच्या नावाने. पाहुण्याला पोहोचायचं आहे आणि शहराचं नाव २०२३ पासून बदललं आहे. सजावटीची पाटी, जुनं तिकीट, एसटीचा बोर्ड यांवर त्या सालाचं नाव. धाराशिव-उस्मानाबादचंही तेच. कोणी त्यावरून वाद काढणार असेल तर पाटीच लावू नका, कार्यक्रम तुमचा आहे.

खरी चूक होते ती जिल्ह्यांत. जालना जिल्हा १ मे १९८१ चा, लातूर १६ ऑगस्ट १९८२ चा, हिंगोली तर १ मे १९९९ चा. १९८५ च्या नकली अंतर्देशीय पत्रावर "जि. हिंगोली" लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. तिथे "जि. परभणी" हवं.

निमंत्रण तारेसारखं छापलंत तर मजकूरही तारेसारखाच तुटक हवा: "काका साठ. टीव्ही आणला. ताबडतोब निघा." एका घरातल्या आजी हे वाचून खरंच घाबरल्या होत्या, तेव्हा थोरांना आधी फोन करा.

१७. आम्हाला अमेरिकेचं साठचं दशक करायचं आहे. मुलगा तिकडून सेट आणतोय. चालेल?

दिसायला चालेल. १९५८ चा फिल्को प्रेडिक्टा, ज्याची ट्यूब कॅबिनेटच्या वर वेगळी उभी असते, त्यापुढे आमच्या शटरवाल्याची काय कथा. पण तो ११० व्होल्टवर चालतो, आपल्या भिंतीत लावला तर संपला. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय तिकडची पद्धत एनटीएससी, त्यामुळे प्रश्न ५ मधलं उलटं करावं लागेल: डबी आणि प्लेअर दोन्ही एनटीएससीवर, आवाज ४.५ वर. या थीमला मार्टिनीचे ग्लासही शोभतात आणि कोकही, आणि प्रश्न ९ मधलं जवळजवळ काहीच चालत नाही. दोन्ही थीम एकत्र करू का, असं विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे.

१८. कार्यक्रमानंतर टीव्ही ठेवायला जागा नाही. टाकून देऊ?

कचऱ्यात टाकू नका, ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या. मात्र लाकडी शटरचा असेल तर आधी मला फोन करा. माळ्यावर अजून एकाची जागा आहे, दादाला सांगायचं कसं ते मी बघते.